क्यूआर कोड: स्कॅन करताना नाव वाचा, बनवताना नाव लिहा

माझं झेरॉक्स, डीटीपी आणि लॅमिनेशनचं दुकान आहे, एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत, आणि गेली काही वर्षं माझ्याकडे येणाऱ्या कामात लग्नपत्रिकांच्या खालोखाल काय असेल तर क्यूआर कोड. भाजीवाल्या मावशींपासून गणपती मंडळापर्यंत सगळ्यांना कोड पाहिजे असतो आणि तो पण दहा मिनिटात. फसलेली माणसंही शेवटी माझ्याच काउंटरवर येतात, पोलीस स्टेशनला द्यायला स्क्रीनशॉटच्या प्रिंट काढायच्या असतात म्हणून. ते बघून बघून हे लिहायला घेतलं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं त्यातूनच निघतं. कोड आपल्याला डोळ्यांनी वाचता येत नाही. चोराचा कोड आणि सावाचा कोड शेजारी ठेवले तरी दोन्ही काळे-पांढरे ठिपकेच. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड बनवला तो गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला, म्हणजे कारखान्यातच छापायचा आणि कारखान्यातच वाचायचा, तिथे "हा कोणी चिकटवला" असं विचारायची वेळच येत नव्हती. तोच कोड आता चहाच्या टपरीवर, विजेच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर आहे, आणि तो कोणी बनवला हे कोडातून कळायची काहीच सोय नाही.

पण म्हणून स्कॅन करायलाच घाबरू नका. नुसतं स्कॅन केल्याने खात्यातून पैसे जात नाहीत. फोन फक्त आत काय लिहिलंय ते दाखवतो. नुकसान होतं ते त्यानंतर आपण जे बटण दाबतो त्याने, म्हणजे पे, ओपन, इन्स्टॉल नाहीतर लिंक. तेव्हा स्कॅन आणि बटण यांच्या मधले जे दोन सेकंद असतात ना, ते वाचायला वापरायचे. आणि स्कॅनरचं वेगळं अ‍ॅप घेऊ नका, आताच्या बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यातच सोय असते, पैशासाठी तुमचं यूपीआय अ‍ॅप आहेच.

पैसे देताना

यूपीआयच्या कोडात काय असतं ते एकदा बघा, मी कितीतरी लोकांना काउंटरवर साध्या कॅमेऱ्याने स्कॅन करून दाखवलंय. एक ओळ असते, त्यात पीए म्हणजे पैसे कोणाच्या यूपीआय आयडीला जाणार, पीएन म्हणजे नाव, एएम म्हणजे रक्कम, टीएन म्हणजे शेरा. यातलं नाव हे कोड बनवणाऱ्याने टाईप केलेलं असतं, म्हणजे मी आत्ता माझ्या आयडीचा कोड बनवून त्यात तुमच्या किराणावाल्याचं नाव घालू शकतो, मला कोणी अडवणार नाही. म्हणूनच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ३० जून २०२५ पासून अ‍ॅपवाल्यांना सक्ती केली की पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं, कोडात टाईप केलेलं नाही. हा फार चांगला नियम आहे, पण आपण ते नाव वाचलं तरच त्याचा उपयोग.

आता खरी अडचण इथे आहे की नाव बरेचदा पाटीशी जुळत नाही. पाटी असते एखाद्या देवाच्या नावाची आणि स्क्रीनवर येतं मालकाच्या बायकोचं नाहीतर मुलाचं नाव, कारण खातं त्यांचं असतं. मग गिऱ्हाईकाला सवयच लागते की नाव वेगळं येतंच, द्या ढकलून. ह्या सवयीचाच फायदा चोर घेतो. तर विचारायचं, आणि विचारताना "सुनीताच ना?" असं नाही विचारायचं, गर्दीत समोरचा न ऐकताच हो म्हणतो. "दादा, नाव काय येतं तुमचं?" असं विचारा आणि त्यांना सांगू द्या. रक्कम मोठी असेल, फ्लॅटचं डिपॉझिट, फर्निचरचा अ‍ॅडव्हान्स वगैरे, तर आधी १ रुपया पाठवा, समोरच्याला मिळाला का ते त्याच्या तोंडून ऐका, मग बाकीचे.

स्टिकरवर स्टिकर हा प्रकार आपल्याकडे होत नाही असं समजू नका. जानेवारी २०२५ मधे मध्य प्रदेशातल्या खजुराहोत रात्रीत अनेक दुकानांवरचे कोड बदलले गेले होते, पेट्रोल पंप, मेडिकल सगळीकडे मूळ कोडावर दुसराच कोड चिकटवलेला, आणि पैसे देताना नाव वेगळं दिसलं तेव्हा ते लक्षात आलं. नाव वाचलं म्हणून.

दुकानदारांनी काय करायचं तर रोज सकाळी शटर उघडल्यावर स्वतःचा कोड स्वतःच्या फोनवर एकदा स्कॅन करायचा आणि आपलंच नाव येतंय का बघायचं. अगरबत्ती लावतो तसं तेही रोजचं काम धरा. दुसरं, कोडाच्या कडेवरून नख फिरवा. मूळ स्टिकर एकसारखा बसलेला असतो, वर दुसरा असला की नख अडतं. आमच्याइथल्या एका भाजीवाल्या मावशींच्या वजनकाट्यावर मला अशीच कड लागली होती, मी घाबरून सोललं तर खाली त्यांचाच जुना कोड निघाला, बँक बदलली म्हणून मुलानेच वर नवीन लावला होता. पण मी सोलेपर्यंत मावशींना ते माहीतच नव्हतं, आणि मला काळजी वाटली ती त्याचीच. आपल्या काट्यावर कोणाचा कोड आहे हे आपल्याला माहीत नाही म्हणजे उद्या तिसऱ्याने लावला तरी कळणार नाही. तेव्हा जुना कोड पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवीन लावू नका. स्टँड असेल तर रात्री आत घ्या. आणि साउंडबॉक्स असेल तर तो बोलल्याशिवाय, नाहीतर तुमच्या स्वतःच्या फोनवर जमा दिसल्याशिवाय माल देऊ नका, गिऱ्हाईकाच्या फोनवरचा हिरवा टिक खोटा असू शकतो, तसली नकली अ‍ॅप असतात.

पैसे घेताना पिन लागत नाही

हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला, बँक बॅलन्स बघायला, बस.

मागच्या वर्षी आमच्या वाड्यातल्या काकू दुकानात आल्या, हातात फोन, म्हणाल्या ह्याची एक प्रिंट दे रे पटकन. बघतो तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कोड, वर मोठ्या अक्षरात "रिसिव्ह ८०००" लिहिलेलं आणि बाजूला एका बँकेचं चिन्ह. त्यांनी जुना फ्रीज विकायला ऑनलाईन टाकला होता, कोणी तरी फोन करून मी सैन्यात आहे, माझी बदली झालीय, माणूस पाठवून फ्रीज उचलतो, तुम्ही कोड स्कॅन करून पैसे घ्या म्हणाला. आणि काकूंची अडचण काय तर कोड त्यांच्याच फोनवर, मग त्याच फोनने स्कॅन कसा करणार, म्हणून प्रिंट पाहिजे. तो पलीकडून फोनवर चालूच होता, काकू लवकर करा, मला ड्युटीवर जायचंय. मी प्रिंट दिली नाही. त्यांच्याच अ‍ॅपमधे गॅलरीतून तो कोड उघडून दाखवला, खाली स्वच्छ लिहिलेलं "पे ८०००". काकूंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि फोन ठेवून दिला. वरचं "रिसिव्ह" हे फक्त चित्रात टाईप केलेलं होतं. कोडाच्या आजूबाजूला काय लिहिलंय त्याला काडीची किंमत नाही, स्कॅन केल्यावर तुमच्या अ‍ॅपमधे काय येतं तेच खरं.

१ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याला पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवायची सोय यूपीआयमधून बंद केली, तो एक रस्ता बंद झाला. पण कोडाच्या फसवणुकीत पैसे आपण आपल्या हाताने पाठवतो, त्यामुळे ती त्याने थांबत नाही.

लिंक उघडणारे कोड

हॉटेलचं मेन्यूकार्ड, कुरियरची चिठ्ठी, विजेच्या बिलाच्या नावाने आलेला कागद, चलान. इथे कोडात वेबसाईटचा पत्ता असतो आणि बहुतेक फोन तो उघडायच्या आधी दाखवतात. वाचायची पद्धत सोपी आहे पण उलटी आहे. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतर पहिली एकटी तिरकी रेघ येईल तिथे थांबा आणि तिथून डावीकडे वाचा. महावितरणची साईट महाडिस्कॉम डॉट इन आहे, त्या रेघेच्या लगेच आधी हेच पाहिजे. "महाडिस्कॉम डॉट इन डॉट" करून पुढे आणखी काही शेपूट असेल तर ती साईट त्या शेपटाची, महावितरणची नाही. सरकारी म्हणून सांगितलेलं असेल तर तिथे गव्ह डॉट इन दिसतं का बघा. पत्ता आखूड केलेला असेल, म्हणजे आठदहा अक्षरांचा आणि काहीच बोध न होणारा, तर पैशाच्या किंवा कागदपत्रांच्या कामासाठी तो उघडूच नका, साईटचं नाव स्वतः टाईप करा.

चांगलं उदाहरण पण सांगतो. महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, १ ऑगस्ट २०२३ पासून बिल्डरांना जाहिरातीत कोड टाकायची सक्ती केली, स्कॅन केलं की त्या प्रोजेक्टची नोंद, मंजुऱ्या वगैरे माहिती दिसते. आमच्याकडे फ्लॅटची पत्रकं छापायला येतात त्यातला कोड मी दरवेळी स्कॅन करून बघतो. तो महारेराच्या सरकारी पानावर गेला पाहिजे, बिल्डरच्या स्वतःच्या साईटवर जाऊन सुंदर गार्डनचे फोटो दाखवत असेल तर तो ह्या कामाचा कोड नाही. फ्लॅट बघणाऱ्यांनी एवढं एक करा, आयुष्यभराची कमाई असते.

स्कॅन केल्यावर फाईल डाउनलोड व्हायला लागली आणि फोन म्हणाला की अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप इन्स्टॉल करायला परवानगी द्या, तर तिथूनच परत फिरा. लग्नाचं आमंत्रण बघायला अ‍ॅप लागत नाही.

आणि एक जे मी रोज माझ्याच दुकानात बघतो. लोक प्रिंटसाठी माझ्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतात, स्वतःच्या फोनने कोड स्कॅन करतात, आधारकार्डाची प्रिंट घेतात आणि तसेच निघून जातात. त्यांचे सगळे मेसेज माझ्या स्क्रीनवर उघडे. मी बंद करतो, पण सगळीकडे कोणी करेलच असं नाही. तो कोड म्हणजे तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपची दुसरी किल्ली आहे. आत्ता हातातलं ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपमधे लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघा, ओळखीचं नसेल ते लॉगआउट करा. आणि कोणी बक्षीस, मतदान, ग्रुप जॉइन असलं काही सांगून तुम्हाला ह्याच पानातून कोड स्कॅन करायला लावत असेल तर अजिबात करू नका, त्याच्या कॉम्प्युटरवर तुमचं व्हॉट्सअ‍ॅप उघडतं.

स्वतः कोड बनवताना

पैशाचा कोड कधीही गूगलवर शोधून सापडलेल्या साईटवर बनवू नका. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमधे प्रोफाईलमधे तुमचा कोड तयारच असतो, तो डाउनलोड करा, दुकान असेल तर बँकेकडून किंवा अ‍ॅपकडून व्यापारी कोड घ्या. आयडीत मोबाईल नंबर असेल तर तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मिळतो, विशेषतः बायकांना ह्याचा त्रास होतो, तेव्हा नंबर नसलेला आयडी बनवून घ्या, अ‍ॅपमधे सोय असते. छपाईला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो दाबला जातो आणि ठिपक्यांच्या कडा फाटतात.

लिंकच्या कोडात माझ्या हातून एक चूक झालीय ती सांगतो, कारण पत्रिका छापणारे बरेच जण ती करतात. एका लग्नाच्या ४०० पत्रिका होत्या, मागे कार्यालयाच्या नकाशाचा कोड हवा होता, मी एका फुकटच्या साईटवर बनवला, स्कॅन करून बघितला, छान चालला. लग्नाच्या आठवड्यात वधूच्या वडिलांचा फोन, कोड स्कॅन केला की प्लॅन संपलाय, पैसे भरा असं पान येतंय. पत्रिका तोपर्यंत सोलापूर, पुणे, कुठे कुठे गेल्या होत्या. त्यांनी बिचाऱ्यांनी घरोघरी फोन करून पत्ता सांगितला. मला फार वाईट वाटलं, मी पत्रिकांचे पैसे परत केले, पण त्यांना झालेला मनस्ताप काही परत घेता आला नाही.

झालं काय होतं तर त्या कोडात माझी नकाशाची लिंक नव्हतीच, त्या साईटची लिंक होती आणि ती पुढे नकाशाकडे पाठवत होती. ह्याला डायनॅमिक कोड म्हणतात. फायदा असा की छापल्यानंतरही आतलं ठिकाण बदलता येतं, आणि धोकाही तोच, साईटवाला बंद करू शकतो, उद्या ती साईट दुसऱ्याच्या हातात गेली तर तो तुमच्या नावाने छापलेला कोड कुठेही वळवू शकतो. स्टॅटिक कोडात लिंक थेट ठिपक्यातच असते, तो कधीच संपत नाही. ओळखायचं कसं? कोड बनवल्यावर स्कॅन करा आणि उघडायच्या आधी दिसणारा पत्ता वाचा. तुम्ही टाकलेला पत्ता जसाच्या तसा दिसला तर ठीक, साईटचंच नाव दिसलं तर तो छापू नका. सगळ्यात सोपं म्हणजे क्रोममधे ते पान उघडा, शेअर करा, तिथेच क्यूआर कोड बनवायचा पर्याय असतो.

वायफायचा कोड बनवत असाल तर त्यात पासवर्ड उघडा लिहिलेला असतो हे लक्षात ठेवा, दुकानात लावायचा तर राउटरमधे पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करा आणि त्याचाच कोड लावा, ज्यावर कॅमेरे आणि बिलिंगचा कॉम्प्युटर आहे त्याचा नको.

छपाईचं थोडं, कारण न चालणारा कोड असला की लोक "थांबा, माझा दुसरा स्कॅन करा" म्हणतात आणि सगळी शिस्त मोडते. जितक्या लांबून स्कॅन करायचा त्याच्या दहावा हिस्सा तरी कोड मोठा पाहिजे, म्हणजे २ मीटरवरून स्कॅन होणाऱ्या फ्लेक्सवर २० सेंटीमीटर, आणि हातात धरायच्या कार्डावर पण २ सेंटीमीटरच्या खाली जाऊ नका. चारी बाजूंनी कोडातल्या चार ठिपक्यांएवढी तरी पांढरी जागा सोडा, डिझाईनवाले ती जागा खाऊन टाकतात. गडद ठिपके, फिकट पार्श्वभूमी, उलटं नको. मधे लोगो हवा असेल तर एरर करेक्शनची एच पातळी निवडा, त्यात ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो, पण तीन कोपऱ्यातल्या चौकोनांना हात लावू नका, फोन कोड ओळखतो तो त्यांच्यावरूनच. लॅमिनेशन मॅट करा, चकचकीत केलं की ट्यूबलाईट त्यात दिसते आणि कोड दिसत नाही. छापलेली पहिली प्रत दोन वेगवेगळ्या फोनवर स्कॅन करा, स्क्रीनवरची नाही, कागदावरची.

आणि आता माझा हट्ट. माझ्याकडून पैशाचा कोड नेणाऱ्या प्रत्येकाच्या कोडाखाली मी मोठ्या मराठी अक्षरात एक ओळ टाकतो, "पैसे पाठवताना हे नाव दिसेल" आणि पुढे बँकेत आहे ते नाव. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. लिंकच्या कोडाखाली साईटचा पत्ता टाकतो. भाजीवाल्या मावशींना पण तसाच करून दिला, आता गिऱ्हाईकच वाचून म्हणतं, हां, जुळलं. तुम्ही कुठेही छापा, ही ओळ मागून घ्या.

मंडळवाल्यांना वेगळं सांगतो. वर्गणीचा कोड मंडळाच्या खात्याचा पाहिजे, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा नको, खजिनदार प्रामाणिक असतोच हो, पण देणाऱ्याला स्क्रीनवर मंडळाचं नाव दिसायला पाहिजे. खजिनदार बदलला की मागच्या वर्षीचे फ्लेक्स, पावतीपुस्तकं आणि ग्रुपवर फिरणारी चित्रं सगळी शोधून काढा. फिरणाऱ्या चित्रातला कोड कोणीही बदलून पुढे पाठवू शकतो, म्हणून मूळ कोड मंडपात आणि पावतीवर ठेवा आणि ग्रुपवर "वर्गणी देताना हे नाव येईल, दुसरं आलं तर थांबा आणि फोन करा" एवढं तरी लिहा.

पैसे गेलेच तर

लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन. उद्या सकाळी नाही, घरच्यांना काय सांगू ह्या विचारात पण वेळ घालवू नका, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे सरकत असतात आणि जिथे आहेत तिथे गोठवायचे तर मिनिटं मोजावी लागतात. फोन लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, बँकेलाही कळवा, पण बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो तो लावा, शोधून मिळालेल्या नंबरवर दुसरा चोर बसलेला असू शकतो. व्यवहाराच्या तपशिलात १२ आकडी यूटीआर नंबर असतो तो लिहून घ्या, तक्रारीत पहिला तोच विचारतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कोड पाठवणाऱ्याला ब्लॉक करायच्या आधी सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि दुकानावरचा स्टिकर बदललेला सापडला तर रागाने फाडून टाकू नका, आधी तो जिथे आहे तिथेच त्याचा जवळून आणि लांबून फोटो काढा, दुकानदाराला दाखवा, गल्लीतल्या बाकीच्या दुकानांचे कोड पण बघायला सांगा.